वाचलेलें ठेवावें कोठें?

गेल्या आषाढांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. आतां तोही चाळिशी ओलांडलेला, एका महाविद्यालयांत अध्यापक. क्षेमकुशल झालें, चहा झाला, आणि मग जरा संकोचून त्यानें विचारलें, "गुरुजी, तो एक श्लोक आपण आम्हांला भवभूतीचा म्हणून शिकविला होता. पण भवभूतीच्या तिन्ही नाटकांत तो सांपडत नाहीं. आपल्याकडे कांहीं आधार असेल काय?" त्या बिचाऱ्यानें तो श्लोक भवभूतीच्या नांवानें एका लेखांत छापला होता, आणि कोणी विद्वानानें नेमकें त्यावरच बोट ठेविलें होतें.

आम्हीं माळ्यावरून वह्या काढविल्या. चाळीस वर्षांत भरलेल्या सव्वीस वह्या! श्लोक शोधण्यास दोन दिवस लागले. सांपडला तो वाण्याच्या यादीच्या मागल्या पानावर. समासांत 'भवभूति' एवढेंच. कोठें वाचला, कोणीं सांगितला, कांहीं नाहीं. बहुधा एखाद्या कीर्तनांत ऐकून घरीं येऊन उतरून घेतला असावा. आणि तोच आम्ही तीस वर्षें वर्गांत छातीठोकपणें सांगत आलों.

आमच्या समाधानापुरतें म्हणावयाचें तर या दोषाला परंपरा मोठी आहे. श्रीधरदासाचें 'सदुक्तिकर्णामृत' १२०५ सालचें, 'शार्ङ्गधरपद्धति' १३६३ सालची. दोन्हींत श्लोक विषयवार लाविलेले, आणि पुष्कळांखालीं कवीचें नांवही दिलेलें. तरी एकच श्लोक एका संग्रहांत एकाचा व दुसऱ्यांत भलत्याचाच, असें वारंवार आढळतें. संग्रहकारांनीं विषय सांभाळला, नांवही सांगितलें. श्लोक कोणत्या ग्रंथांत कोठें आहे तें मात्र लिहिलें नाहीं. आज पंडितांनीं कितीही डोकें खाजविलें तरी तो धागा पुन्हां जुळत नाहीं.

याच्या उलट पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संस्कृत कोशाचें काम पहावें. तें १९४८ सालीं सुरू झालें. सुमारें १५०० ग्रंथ वाचून त्यांतील शब्द चिठ्ठ्यांवर उतरविले. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरांत गेली. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचें वाक्य आणि ग्रंथांतील स्थळ. कोशाचा पहिला भाग १९७६ सालीं निघाला, आणि पुढें अनेक भाग निघाले तरी ते 'अ'काराच्याच शब्दांचे. ज्यांनीं त्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतील बहुतेक हा कोश पुरा झालेला पाहणार नव्हते. पण स्थळ लिहून ठेविल्यामुळें त्यांचें वाचन परक्याच्याही उपयोगी पडतें.

मात्र चिठ्ठ्या संस्थेला शोभतात, किंवा लूमान नांवाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञासारख्या एकाग्र माणसाला. त्यानें सुमारें नव्वद हजार चिठ्ठ्या लांकडी खणांत क्रमांक घालून ठेविल्या होत्या. आमच्या घरीं अकरा माणसें, त्यांत तिघे बालगोपाळ. सुट्या कागदाची श्रावणांत होडी होते. आम्हांस शिवलेली वहीच बरी.

वहीची अडचण अशी कीं, विषयांसाठीं पानें आधीं वांटून ठेवावीं तर एका विषयाचीं भरून जातात आणि दुसऱ्याचीं कोरीं राहतात. यावर जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें युक्ति काढली. ती १६८६ सालीं फ्रेंच भाषेंत छापली गेली. वहीच्या आरंभीं अनुक्रमणिकेचीं घरें आंखावयाचीं. टिपणास मथळा द्यावयाचा, आणि मथळ्याचें पहिलें अक्षर व त्यापुढील पहिला स्वर यांवरून त्याचें घर ठरवावयाचें. टिपण लिहावयाचें तें पुढच्या कोऱ्या पानावर, आणि त्या पानाचा आंकडा त्या घरांत मांडावयाचा. त्याच घराचें दुसरें टिपण त्याच पानावर जाईल. पान भरलें कीं जें कोरें पान पुढें असेल तें घ्यावें आणि त्याचाही आंकडा घरांत लिहावा. एकही पान फुकट जात नाहीं.

गंमत अशी कीं, लॉकला जें दोन अक्षरांनीं करावें लागलें तें आपली बाराखडी एका अक्षरांत करून देते. 'दान' गेलें 'दा'मध्यें, 'दीप' गेला 'दी'मध्यें. ऱ्हस्व-दीर्घ एकाच घरांत घातले तरी चालतें. जोडाक्षराचें पहिलें व्यंजन धरावें, म्हणजे 'श्राद्ध' 'शा'मध्यें येईल. कठीण काय तें मथळा निवडणें. एकादशीचा फराळ 'एकादशी'खालीं कीं 'फराळा'खालीं? आमचा अनुभव असा कीं, पुढें आपण ती गोष्ट ज्या नांवानें विचारूं तेंच नांव द्यावें, मग तें शास्त्राला धरून नसलें तरी चालेल.

आमचा नातू म्हणतो, "आजोबा, फोटो काढून ठेवा." त्याच्या फोनमध्यें हजारों फोटो आहेत; मागच्या दिवाळींतील एक पान मागितलें तर तासभर शोधून हात टेकले. टंकलेला मजकूर यंत्र क्षणांत शोधून देतें, हें आम्ही मान्य करतों. पण स्थळ मुळांत लिहिलेंच नाहीं तर तें यंत्र तरी कोठून आणणार?

हा प्रश्न ग्रंथांपुरताच आहे असें नाहीं. आमच्या मातोश्रींच्या वहींत लिंबाच्या लोणच्याखालीं 'मीठ एक वाटी' असें आहे. वाटी कोणती? त्या गेल्यापासून तीन वेळां लोणचें बिघडलें. आतां सूनबाई प्रत्येक कृतीखालीं कोणाकडून घेतली, कोणत्या मापानें केली व कशी झाली तें लिहितात. त्यांच्या वह्या आमच्यापेक्षां अधिक शास्त्रशुद्ध आहेत, हें येथें कबूल करून टाकतों.

विद्यार्थ्यास आम्हीं पत्र लिहिलें कीं आधार नाहीं. चूक आमची, तसें खुशाल छापावें. त्याचें उत्तर मोठ्या आदराचें आलें, त्यामुळें अधिकच ओशाळल्यासारखें झालें. बाकीच्या तीस वर्षांच्या मुलांना पत्रें कोठें लिहावीं? नव्या वहींत चौथ्या पानावर तो श्लोक उतरला आहे. खालीं लिहिलें आहे : 'कर्ता अज्ञात. ऐकीव. भवभूतीच्या नाटकांत नाहीं.' पुढें चार ओळी मोकळ्या ठेविल्या आहेत.