तक्ता क्रमांक १ आधी वाचा

आपल्याकडच्या जर्नल क्लबची चाल ठरलेली आहे. रेसिडेंट आदल्या रात्री ॲब्स्ट्रॅक्टवरून स्लाइड्स करतो, पी-व्हॅल्यू लाल रंगात टाकतो आणि चहा येईपर्यंत चर्चा ‘मग आपल्या प्रोटोकॉलचे काय?’ इथवर पोहोचलेली असते. पेपरमधले रुग्ण कोण होते हे सांगणारा पहिला तक्ता पडद्यावर जेमतेम टिकतो. ‘दोन्ही गट सारखेच होते’ म्हटले की स्लाइड पुढे. गट एकमेकांसारखे होते, हे ठीक. ते आपल्या कॅज्युअल्टीतल्या रुग्णासारखे होते का, हे विचारायचे राहूनच जाते.

या घाईची किंमत मोजायची तर सेप्सिसमधल्या सलाइनकडे पाहावे. २००१ साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधून इमॅन्युएल रिव्हर्स आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. केंद्र एक, रुग्ण २६३. पहिल्या सहा तासांत सीव्हीपी, मीन बीपी आणि सेंट्रल व्हेनस सॅच्युरेशन ठरलेल्या आकड्यांवर आणायचे. मृत्युदर ४६.५ टक्क्यांऐवजी ३०.५ टक्के. जगभर त्याचे प्रोटोकॉल झाले. पुढे २०१४-१५ मध्ये प्रोसेस, अराइज आणि प्रोमिस या तीन बहुकेंद्री ट्रायल्स आल्या. मिळून चार हजारांवर रुग्ण, आणि मृत्युदरात फरक नाही.

लगेच ‘रिव्हर्स खोटा पडला’ म्हणणारे निघाले. त्यांनीही ॲब्स्ट्रॅक्टच वाचले होते. रिव्हर्सच्या रुग्णांचे सुरुवातीचे सेंट्रल व्हेनस सॅच्युरेशन सरासरी ४९ टक्के होते. प्रोसेसमध्ये ७१ टक्के. शिवाय नव्या ट्रायल्समध्ये रँडमायझेशन होण्याआधीच रुग्णांना दोनेक लिटर सलाइन गेलेले होते. म्हणजे ज्याला ‘नेहमीचे उपचार’ म्हटले, त्यात रिव्हर्सचा निम्मा धडा आधीच मुरलेला होता. या ट्रायल्सनी वेगळाच प्रश्न विचारला: लवकर ओळखून उपचार सुरू झालेल्या रुग्णाला वरून कॅथेटर आणि आकड्यांचा पाठलाग हवा का? त्याचे उत्तर ‘नको’ असे आले. सलाइन किती द्यावे, याचे उत्तर त्यात नव्हतेच.

तो प्रश्न विचारला गेला आफ्रिकेत. २०११ च्या फीस्ट ट्रायलमध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातली ३,१४१ मुले होती. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेली. बोलस न दिलेल्या गटात ४८ तासांत ७.३ टक्के मुले दगावली, सलाइनचा बोलस दिलेल्या गटात १०.५ टक्के आणि अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के. साधा हिशेब केला तर बोलस दिलेल्या दर तीसेक मुलांमागे एक जादा मृत्यू. ट्रायल मध्येच थांबवावी लागली.

यावरचा आक्षेप तुम्हीही ऐकला असेल: ‘ती मलेरियाची, ॲनिमियाची मुले होती.’ खरे आहे. निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. पण मलेरिया नसलेल्या मुलांतही बोलसचा फायदा दिसला नाही, हेही त्याच पेपरमध्ये आहे. पहिला तक्ता गैरसोयीचा निकाल झटकण्यासाठी नसतो. आणि हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी डेट्रॉइटच्या रुग्णांबद्दल तो घेतला होता?

२०१७ मध्ये झांबियातल्या लुसाकाहून प्रौढांवरची ट्रायल आली. सेप्सिस आणि कमी बीपी असलेले सुमारे २१० रुग्ण. प्रोटोकॉल गटाला सहा तासांत साधारण साडेतीन लिटर, दुसऱ्या गटाला दोन. मृत्युदर ४८.१ विरुद्ध ३३ टक्के. जास्त सलाइन मिळालेले जास्त दगावले. इथे तक्ता क्रमांक १ नीट वाचावा लागतो: दहांतल्या नऊ रुग्णांना एचआयव्ही, बहुतेकांना ॲनिमिया, आणि आयसीयूची खाट दुर्मीळ. पुण्या-मुंबईच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलशी हे जुळत नाही. ज्या ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर नाही आणि रात्रपाळीला एकच डॉक्टर आहे, तिथला रुग्ण मात्र डेट्रॉइटपेक्षा लुसाकाला जवळचा आहे.

आपला पावसाळ्यातला रुग्ण आठवा. पाच दिवसांचा ताप, बीपी ८०, प्लेटलेट्स घसरलेल्या. डेंग्यू, लेप्टो की स्क्रब टायफस, रात्री दोनला कळायला मार्ग नाही. वरच्या ट्रायल्स या रुग्णासाठी झालेल्या नाहीत. तरी त्याच्या केसपेपरवर ‘३० मिली प्रति किलो’ हा आकडा सरसकट पडतो. सर्व्हायव्हिंग सेप्सिसच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीही ही शिफारस ‘ठाम’वरून ‘सौम्य’ केली, हे किती विभागांच्या भिंतीवरच्या तक्त्यात उतरले आहे? आमचे मत स्पष्ट आहे. अशा रुग्णाला सलाइन अडीचशे-पाचशे मिलीच्या टप्प्यांनी द्यावे, दर टप्प्याला छाती तपासावी, श्वासाचा वेग मोजावा आणि नॉरॲड्रेनालिन सुरू करायला सेंट्रल लाइनची वाट पाहू नये. हे पुराव्याने सिद्ध झालेले नाही. उपलब्ध पुराव्यावरून काढलेला अंदाज आहे, आणि तो तसाच वाचावा.

वाचकांना दोन विनंत्या. पुढच्या जर्नल क्लबला निष्कर्षाची स्लाइड दाखवण्याआधी रेसिडेंटला पहिल्या तक्त्यावर दहा मिनिटे बोलायला लावा: कोणाला घेतले, कोणाला वगळले, दुसऱ्या गटाला नेमके काय मिळाले. आणि यंदाच्या पावसाळ्यात तापाने बीपी घसरलेल्या प्रत्येक रुग्णाला किती सलाइन गेले, किती वेळात गेले आणि पुढे काय झाले, याची नोंद ठेवा. ज्या विभागांकडे अशा नोंदी आहेत, त्यांनी त्या आमच्याकडे पाठवाव्यात. निकाल मनासारखा नसला तरी आम्ही छापू.