शब्दशोधाची साधने आणि संशोधनाची शिस्त

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपता टिपता कोटीभर चिठ्ठ्या जमल्या आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दाविषयी विधान करावयाचे तर तो कोठे आणि कोणत्या संदर्भात आला हे दाखवावे लागते, ही शिस्त त्या चिठ्ठ्यांमागे आहे. मराठी साहित्यसंशोधनात ती अद्याप पुरेशी रुजलेली नाही. अमुक कादंबरीकाराच्या गद्यात अमुक शब्द 'वारंवार' येतो, असे प्रबंधांतून सहज लिहिले जाते. वारंवार म्हणजे किती वेळा, हे वाचकाला पडताळता येत नाही.

हे पडताळण्याची साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. लिनक्स या संगणकप्रणालीत साध्या मजकुराच्या फाइली हाताळणाऱ्या लहान लहान आज्ञा आहेत. 'लेस' फाइल पानापानाने दाखवते, 'हेड' व 'टेल' तिचा आरंभ व शेवट दाखवतात, 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडते. ही साधने केवळ तंत्रज्ञांची, असा समज आहे. परंतु 'ग्रेप'चा उगमच एका वाङ्मयीन प्रश्नात आहे. अमेरिकेतील 'फेडरॅलिस्ट' निबंध टोपणनावाने प्रसिद्ध झाले होते. त्यांतील वादग्रस्त निबंधांचे कर्तृत्व ली मॅकमहन भाषिक पुराव्यावरून तपासू पाहत होते. तो मजकूर तत्कालीन संपादन-आज्ञावलीत मावेना, म्हणून १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी हे साधन वेगळे काढले.

या आज्ञांचे खरे सामर्थ्य त्यांच्या साखळीत आहे. एकीचे फलित उभ्या रेघेने दुसरीकडे सोपवता येते. 'टीआर'ने प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर आणावा, 'सॉर्ट'ने क्रम लावावा, 'युनिक'ने सारखे शब्द मोजावेत आणि पुन्हा 'सॉर्ट'ने उतरता क्रम लावावा, की शब्दांची वारंवारिता हाती येते. 'युनिक' केवळ लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते. म्हणून आधीचा क्रम चुकवता येत नाही.

तथापि मराठीच्या प्रकृतीची जाण नसेल तर हीच साधने दिशाभूल करतात. 'पाणी' शोधल्यास 'पाण्यात' निसटतो, कारण सामान्यरूपात मूळ शब्द बदलतो. उलट 'घर' शोधल्यास 'घराणे'ही हाती लागते. हरिभाऊ आपट्यांच्या काळातील 'नाहीं' हे सानुस्वार रूप शोधले तर १९६२च्या लेखननियमांनंतरचे 'नाही' सापडणार नाही. 'ग्रेप'ची मोजणी ओळींची असते, शब्दांची नव्हे. संपूर्ण परिच्छेद एकाच ओळीत असेल तर तीनदा आलेला शब्द एकदाच मोजला जातो. वाचकाला 'क्षमा' दोन अक्षरांचा दिसतो, तर 'डब्ल्यूसी' त्यात पाच वर्ण मोजते. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलींत तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत वेगळीच चिन्हे साठवलेली असतात. युनिकोडमध्ये रूपांतर केल्याविना तेथे देवनागरीतून घेतलेला शोध व्यर्थ ठरतो.

यावरून यंत्र निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. व्याकरण आणि लेखनपद्धतीचा इतिहास जाणणाऱ्या अभ्यासकाच्या हातीच ही आज्ञा सार्थ होते. संगणकतज्ज्ञाला हे काम परस्पर सोपवता येणार नाही. म्हणून मराठी विभागांनी संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात या मोजक्या आज्ञांना स्थान द्यावे. शैलीविषयक प्रबंधासोबत वापरलेली संहिता, तिची आवृत्ती आणि दिलेल्या आज्ञा नोंदवण्याचा दंडकही घालावा. 'ग्रेप' शब्दाची ओळ दाखवते. त्या ओळीचा अर्थ लावणे वाचनाचेच काम राहते. परंतु ज्या विधानाची ओळ दाखवता येत नाही, ते संशोधन म्हणून किती काळ मान्य करावयाचे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.