कुंगफू पाहिलं, देऊळ कोण पाहणार?

२०१०चा ‘द कराटे किड’ आठवतोय? जॅकी चॅन त्या पोराला डोंगरावरच्या देवळात घेऊन जातो, तो सीन चीनच्या हुबेई प्रांतातल्या वुडांग पर्वतावर शूट झालाय. ताओ पंथीयांसाठी हा पवित्र डोंगर. आपल्यासाठी? कुंगफूची रील.

ताई ची इथेच झांग सानफेंग या साधूने सुरू केली, असं सांगतात. तो खरंच होऊन गेला का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. देवळं उभारणारा मात्र पक्का इतिहासातला माणूस आहे, मिंग सम्राट योंगल. १४०२ मध्ये त्याने पुतण्याची गादी बळकावली. ‘उत्तरेचा देव झेनवू माझ्या पाठीशी आहे’ हे लोकांच्या मनावर ठसवायचं, म्हणून १४१२ पासून वुडांगवर बांधकामांचा धडाका लावला. १६१२ मीटर उंचीच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेलं धातूचं देऊळ आलं. पायथ्याशी झांग सानफेंगच्या नावाने युझेन मंदिर झालं.

म्हणजे ही देवळं पहिल्यापासून कुणी ना कुणी ‘वापरलीच’ आहेत. त्यात गैर काही नाही. वापर थांबला की वास्तू मरते. प्रश्न आहे तो वापराच्या नियमांचा.

नानयान मंदिरात कड्याबाहेर हवेत आलेला दगडी ड्रॅगन आहे. त्याच्या डोक्यावर उदबत्ती लावायला भाविक अरुंद दगडावरून जायचे आणि दरीत कोसळून जीव गमवायचे. शेवटी १६७३ मध्ये बंदीचा शिलालेख लावला गेला. श्रद्धा राहिली, जीवघेणा खेळ थांबला.

तीनशे तीस वर्षांनी काय झालं? १९९४ मध्ये वुडांगला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला होता. तरी युझेन मंदिर एका खासगी मार्शल आर्ट शाळेच्या ताब्यात होतं. जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि मुख्य दालन जळून खाक झालं. कुंगफूच्या आद्यपुरुषाचं देऊळ, तेही कुंगफूचीच शाळा तिथे असताना! पुढे धरणाची उंची वाढली, तेव्हा उरलेल्या मंदिराचे दरवाजे पाण्यापासून वाचवायला १५ मीटर वर उचलले. म्हणजे मनात आणलं तर काय वाट्टेल ते जमतं. मग भाडेकरूला चार अटी घालणं का जमू नये?

माझं म्हणणं एवढंच, की युनेस्कोची पाटी म्हणजे काही विमा पॉलिसी नव्हे. देवळात शाळा भरवा, शूटिंग करा, तिकीटही लावा. पण लाकडी छताखाली काय चालेल आणि काय नाही, हे आधी लिहून घ्या आणि पाळायला लावा. झांग सानफेंगच्या दंतकथेला आगीची भीती नाही. सहाशे वर्षांच्या लाकडाला आहे.