प्रदूषणामुळे ऑटिझम होतो का? जव्हार-मोखाड्यातून पाहताना

‘डॉक्टर, आम्ही कारखान्यांच्या जवळ राहतो, म्हणून आमच्या मुलाला ऑटिझम झाला का?’ बोईसर-तारापूर पट्ट्यातले पालक हा प्रश्न विचारतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्याबद्दल बोलताना लोक नेमके उलट म्हणतात : ‘तिकडे कुठले आले प्रदूषण? स्वच्छ हवा, डोंगर, जंगल. तिकडच्या मुलांना हे असले काही होत नसणार.’

दोन्ही बोलण्यांमागे एकच समजूत आहे. ऑटिझम म्हणजे शहराची, कारखान्यांची आणि धुराड्यांची देणगी. माझ्या मते ही समजूत अर्धवट आहे आणि तिचा तोटा दोन्हीकडच्या मुलांना होतो. पट्टीवरचे पालक स्वतःला दोष देत बसतात आणि डोंगरावरच्या मुलाकडे कोणी पाहतच नाही.

आधी ऑटिझम म्हणजे काय ते पाहू

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा संसर्ग नाही, वेड नाही आणि आईबापांच्या वागण्याचे फळही नाही. मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते. त्यामुळे मुलाला इतरांशी संवाद साधणे, खुणा समजणे, नजर मिळवणे अवघड जाते. काही मुले एकच हालचाल किंवा एकच खेळ पुन्हा पुन्हा करतात. काहींना आवाज, स्पर्श किंवा गर्दी सहन होत नाही. एका अंदाजाप्रमाणे जगात साधारण 100 मुलांमागे 1 मूल स्वमग्न असते.

यात आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा आहे. पाच देशांतील सुमारे 20 लाख मुलांच्या नोंदींवरून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो 80 टक्क्यांच्या आसपास निघाला. उरलेल्या वाट्यात गर्भारपणातील आणि जन्माच्या वेळच्या अनेक गोष्टी येतात. प्रदूषणाचा प्रश्न इथे येतो.

प्रदूषणाबद्दलचा पुरावा किती पक्का आहे?

हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांना पीएम 2.5 म्हणतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीतून 2015 मध्ये असे दिसले की, ज्या स्त्रिया गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अशा धूलिकणांना जास्त सामोऱ्या गेल्या, त्यांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण अधिक होते. शांघायमधील 2018 च्या अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या तीन वर्षांतील प्रदूषणाशीही संबंध आढळला. कीटकनाशकांची फवारणी होणाऱ्या शेतांजवळ राहणाऱ्या गरोदर स्त्रियांबाबत कॅलिफोर्नियातून असेच निष्कर्ष आले आहेत.

म्हणजे संबंध दिसतो. पण ‘संबंध दिसणे’ आणि ‘त्यामुळेच होणे’ यात फरक आहे. जिथे डॉक्टर जास्त, तिथे निदान जास्त. मोठ्या शहरात हवाही खराब असते आणि तज्ज्ञही असतात. संशोधक असे घटक वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे जमत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, खराब हवेमुळे जोखीम दीडपट होते. मग 200 मुलांमागे 2 ऐवजी 3 मुले स्वमग्न असतील. त्याच हवेत वाढलेली उरलेली 197 मुले स्वमग्न नसतील. आणि त्या 3 मुलांपैकी कोणाला प्रदूषणामुळे झाले, हे सांगणारी तपासणी आज नाही. म्हणून एखाद्या आईला ‘तू तिथे राहिलीस म्हणून असे झाले’ असे सांगणे शास्त्राला धरून नाही. ते क्रूरही आहे.

तुलनेसाठी एक पक्के उदाहरण देतो. फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भारपणात घेतल्यास बाळाला ऑटिझमची जोखीम वाढते. डेन्मार्कमधील 2013 च्या अभ्यासात एकूण मुलांत हे प्रमाण सुमारे 1.5 टक्के होते, तर हे औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत सुमारे 4.4 टक्के. त्यामुळे फिटच्या गोळ्या चालू असलेल्या स्त्रीने मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना विचारून औषध बदलता येते का ते पाहावे. स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नये. फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

डोंगरावरचा धूर

तारापूरचे प्रदूषण खरे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात हे औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. पण म्हणून जव्हार-मोखाड्याची बाई स्वच्छ हवेत श्वास घेते असे नाही. तिच्या वाट्याचा धूर धुराड्यातून येत नाही. तो चुलीतून येतो.

कारवीच्या कुडाच्या घरात, बहुधा एकाच खोलीत, ओल्या लाकडावर भाकरी भाजली जाते. पावसाळ्यात दार लोटलेले असते. गरोदर बाई चुलीपुढे बसलेली आणि तान्हे मूल तिच्या मांडीवर. पीएम 2.5 ची वार्षिक सरासरी 5 मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. भारताची स्वतःची मर्यादा 40 आहे. चूल पेटलेली असताना अशा खोलीत हे प्रमाण शेकड्यांत जाते.

दुसरा धूर स्थलांतराचा. दिवाळी झाली की वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबे पाडा सोडून भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. काही नाशिककडे शेतीकामाला जातात. होळीला चार दिवस घरी येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीजवळच कच्च्या विटांची झोपडी असते. शेजारी कोळसा आणि तूस जळत असते. कितीतरी बायकांचे गर्भारपणाचे शेवटचे महिने तिथेच जातात. जगभरच्या अभ्यासांत ज्या महिन्यांची काळजी व्यक्त झाली आहे, तेच हे महिने.

तरीही ‘चुलीमुळे ऑटिझम होतो’ असे मी म्हणणार नाही, कारण तसा पुरावा नाही. उलट एक धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपले तमिळनाडू अशा चार ठिकाणी सुमारे 3,200 गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीत निम्म्या जणींना गॅस देण्यात आला. त्यांच्या वाट्याचा धूर बराच कमी झाला. पण 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात फारसा फरक दिसला नाही. एक कारण काढून टाकले की सगळे ठीक होते, असे शरीराचे गणित नसते. आईचे पोषण, रक्त, विश्रांती हे सगळे त्यात येते.

मग धूर कमी करायचा कशाला? आईची फुफ्फुसे, डोळे, दमा आणि मुलांचा खोकला ही कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी ऑटिझमची भीती घालण्याची गरज नाही.

शिसे आणि रक्तक्षय

प्रदूषकांमध्ये मला जास्त काळजी शिशाची वाटते. शिशामुळे ऑटिझम होतो हे सिद्ध झालेले नाही. पण शिसे मुलांची बुद्धी आणि एकाग्रता कमी करते, याबद्दल शंका उरलेली नाही. त्याची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार भारतातील सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आहे.

शिसे येते कुठून? उघड्यावर फोडलेल्या जुन्या बॅटऱ्या, जुने रंग, भेसळीची भडक पिवळी हळद, काही प्रकारचा सुरमा. आणि इथे कुपोषण मध्ये येते. शरीरात लोह कमी असले की आतडे शिसे जास्त शोषून घेते. म्हणजे तेवढेच शिसे पोटात गेले तरी रक्तक्षय असलेल्या मुलाचे नुकसान अधिक. 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर पोहोचवले. तेव्हापासून आपण इथल्या मुलांचे वजन मोजत आलो. ते मोजायलाच हवे. पण वजनाच्या काट्यावर मेंदूची वाढ दिसत नाही.

भीतीचा बाजार

‘प्रदूषणामुळे ऑटिझम’ या वाक्यावर काहींचा धंदाही चालतो. मुलाचे केस तपासायचे, ‘अंगात जड धातू आहेत’ सांगायचे आणि ते ‘बाहेर काढण्यासाठी’ महागडी इंजेक्शने द्यायची. याला किलेशन म्हणतात. तपासणीत खरोखर शिशाची विषबाधा निघाली तर हा उपचार रुग्णालयात देतात. ऑटिझमवर त्याचा उपयोग नाही. 2005 मध्ये अमेरिकेत अशा उपचारादरम्यान 5 वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. यासाठी कृपया दागिने मोडू नका.

लसींचेही तेच. गोवर-रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा 1998 चा ब्रिटनमधील लेख 2010 मध्ये मागे घेण्यात आला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला आणि 2019 च्या त्या निष्कर्षांत असा संबंध आढळला नाही. उलट गर्भारपणात रुबेला झाला तर बाळाच्या मेंदूला, कानांना, डोळ्यांना इजा होऊ शकते. लस त्यापासून वाचवते.

न दिसलेली मुले

देशातील पाच ठिकाणी झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर गोव्यासारखा किनारी भाग होता, तसा ओडिशातील धेनकनालसारखा आदिवासी भागही होता. 2 ते 9 वर्षांच्या साधारण 8 मुलांमागे 1 मुलात मेंदूच्या वाढीशी संबंधित काही ना काही अडचण आढळली. ऑटिझम ही त्यातली एक. शोधायला गेले की अशी मुले सगळीकडे सापडतात. जव्हार-मोखाड्यात ती नसतील असे मानायला काही आधार नाही. पाड्यावर त्यांना ‘मुका’, ‘येडा’ किंवा ‘हट्टी’ म्हणतात, एवढाच फरक.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला, तो पालघरमधूनच. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. तपासणीच्या यादीत ऑटिझमही आहे. पण जे मूल नोव्हेंबर ते मे भट्टीवर असते, त्याची एक फेरी सहज चुकते. माझे म्हणणे एवढेच आहे की तपासणीचे वेळापत्रक स्थलांतराच्या वेळापत्रकाला जुळवा. एक फेरी दिवाळीच्या आधी पाड्यावर आणि एक जानेवारी-फेब्रुवारीत थेट भट्टीवर. सोबत वारली, कोकणा बोली जाणणारी आशाताई असावी. मुलाला आपल्या बोलीत हाक मारली तर ते वळते का, हे तेव्हाच कळते.

‘पण निदान करून पुढे काय? थेरपिस्ट कुठे आहेत?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर गोव्यातून आले आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे 65 स्वमग्न मुलांपैकी सुमारे निम्म्यांच्या पालकांना, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी, मुलाशी कसे खेळावे आणि त्याच्या खुणेला कसा प्रतिसाद द्यावा हे शिकवले. 2015 च्या निष्कर्षांत पालकांचा प्रतिसाद सुधारलेला दिसला आणि मुले स्वतःहून जास्त संवाद करू लागली. हे पाड्यावरही करता येईल.

तुम्ही काय करू शकता?

मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही. 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. 2 वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेले बोलणे थांबले, तर थांबू नका. ‘याचा बाप पण उशिरा बोलला’ म्हणून वर्ष घालवू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा. आधी कानांची तपासणी करून घ्या. 2016 च्या कायद्यानुसार ऑटिझम हे मान्य असलेले अपंगत्व आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतींचा हक्क आहे.

गरोदर बाईने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. अंगणवाडीत अमृत आहार योजनेचे गरम जेवण मिळते, ते सोडू नये. गॅस भरायला पैसे नसतील तर निदान चूल पडवीत आणा, लाकूड वाळवून वापरा आणि तान्ह्या बाळाला चुलीपासून दूर ठेवा. भट्टीवर जायचे असेल तर झोपडी धुराच्या वाऱ्यात येणार नाही अशी बांधा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या.

धूर कमी करायला ऑटिझमच्या पुराव्याची वाट पाहू नका. आणि स्वमग्न मुलाचा हात धरायला कारण सापडण्याची वाट पाहू नका. कारण शोधायला संशोधकांना अजून बरीच वर्षे लागतील. मूल मात्र तेवढ्यात मोठे होते.