जनावर प्रदर्शनाला नेण्याआधीचा महिना

दिवाळी सरली, कापसाची पहिली वेचणी घरात आली की आमच्या वडनेर भोलजीत हायवेच्या कडेला फलक लागू लागतात. कुठे शंकरपट, कुठे पशुप्रदर्शन, कुठे यात्रेतला बैलबाजार. बक्षिसाची रक्कम ठळक, पाहुण्यांचे फोटो त्याहून ठळक, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ: जनावराचं आरोग्य प्रमाणपत्र सोबत आणावं. माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीबद्दल आहे. ती ओळ आज आहे त्या रूपात जनावरांचं रक्षण करत नाही, आणि थोडी नीट लिहिली, नीट पाळली तर करू शकते.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी याच भागात गेली. गावात मला लोक डॉक्टर म्हणत, पण आमचं काम डॉक्टरांच्या हाताखालचं: लसी टोचणं, कानात बिल्ले मारणं, जखमा धुणं. आणि प्रदर्शन असलं की फाटकावर उभं राहणं. टेबल, थर्मामीटर, चुना टाकलेली वाट, जंतुनाशकात भिजवलेली पोती. जनावर आलं की तोंड उघडून बघायचं, जीभ-हिरड्या, खुरांच्या बेचक्या, कातडीवरून हात फिरवायचा, ताप घ्यायचा, पुढे सोडायचं. हे काम मी मन लावून केलं आणि ते करायलाच हवं. पण फाटकावर उभं राहून जे कळतं ते फार थोडं असतं, हे तिथे उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

लाळ्या-खुरकूतचं घ्या. विषाणू अंगात शिरल्यापासून तोंडात फोड दिसेपर्यंत दोन दिवस जातात, कधी चौदा. आणि फोड दिसण्याआधीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागतं. म्हणजे सकाळी ताप नाही, तोंड स्वच्छ, रवंथ चालू, असा बैल मी आत सोडला आणि दुपारपर्यंत त्यानं शेजारच्या खुंट्यावरच्या जनावराला रोग दिला, असं सहज घडू शकतं. लम्पीत तर गाठी उठायला चार आठवडेही लागू शकतात, आणि लागण झालेल्या कित्येक जनावरांच्या अंगावर गाठ उठतच नाही. सांसर्गिक गर्भपात, ज्याला डॉक्टर ब्रुसेलोसिस म्हणतात, तो याहून अवघड. गाय तुकतुकीत, कास भरलेली, दुधाच्या स्पर्धेत पहिली, आणि रक्त तपासल्याशिवाय काही कळायचं नाही. अशी गाय प्रदर्शनातच विकली जाते, कारण बक्षीस मिळालं की तिथल्या तिथे गिऱ्हाईक उभं राहतं. घेणाऱ्याच्या गोठ्यात पुढच्या वर्षी गाभण गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडतात, आणि जार काढणाऱ्या माणसालाही तो ताप लागतो. जुन्या सांधेदुखीचं औषध घेत फिरणारे किती गुराखी आणि गवळी खरं म्हणजे या रोगाचे रुग्ण आहेत, हा विचार मला अनेकदा छळतो.

म्हणून प्रदर्शनाच्या दिवशी दिलेलं प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं की त्या सकाळी जनावर आजारी दिसत नव्हतं. रोग थांबवायचा असेल तर त्याआधीचा महिना मोजावा लागतो. लस टोचली की त्याच दिवशी अंगात ताकद येत नाही, साधारण तीन आठवडे जावे लागतात. लम्पीच्या साथीनंतर बाजार आणि शर्यती पुन्हा सुरू करताना लसीकरणाला अठ्ठावीस दिवस झालेले असावेत, अशी अट सरकारनं घातली होती. ती अट शहाणपणाची होती. साथ ओसरली आणि गावोगावच्या आयोजकांनी ती विसरून टाकली.

२०२२ ची ती साथ आमच्या दारातून आली. त्या साथीतला राज्यातला पहिला रुग्ण ४ ऑगस्ट २०२२ ला जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. नकाशावर बघा: वडनेरहून पश्चिमेला निघालं की मलकापूर, मलकापूर ओलांडलं की जळगाव जिल्हा. चारा याच रस्त्यानं येतो, बैल याच रस्त्यानं विकायला जातात, सोयरीक तर कितीतरी घरांची तिकडे आहे. महिना उलटायच्या आत आमच्याकडे गाठी दिसू लागल्या आणि बुलढाणा जिल्हा राज्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत गेला. सप्टेंबरात अख्खं राज्य २००९ च्या प्राणी-रोग कायद्याखाली नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. बाजार बंद, शर्यती बंद, प्रदर्शनं बंद. मेलेल्या दुधाळ गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार, वासराला सोळा हजार अशी मदत ठरली. चांगली जोडी लाखाच्या पुढे जाते, आणि पेरणीच्या हंगामात एक बैल गेला की दुसरा रिकामा उभा राहतो. त्या महिन्यांत जेसीबीनं खोदलेल्या खड्ड्याशी डोक्याला हात लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मदतीचा आकडा त्यांच्यापाशी काढायची माझी हिंमत झाली नाही.

कायदा आपल्याकडे आहे, आणि तो कडकही आहे. पण तो दोन टोकांना उभा आहे. साथ जाहीर झाली की सगळं कुलूपबंद, आणि साथ नसली की एक कागद. जनावर गाडीतून नेताना पशुवैद्यकाचा दाखला हवा, हे १९७८ च्या वाहतूक नियमांतच आहे. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक राज्यात बंद केली आहे. त्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. तो नंबर मोबाइलवर टाकला की जनावराला कोणती लस कधी टोचली ते दिसायला हवं, त्यासाठीच ही सगळी यंत्रणा उभी केली आहे. प्रत्यक्षात किती आयोजक तो नंबर वाचतात? रांग लांब असते, पाहुणे मंडपात येऊन बसलेले असतात, आणि कुणीतरी म्हणतं, जाऊ द्या, ओळखीचे आहेत.

यातली खरी अडचण कागदाची नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. लाळ्या-खुरकूतची लस टोचली की काही जनावरं दोन-तीन दिवस मलूल होतात, गाईचं दूध थोडं बसतं, टोचल्या जागी सूज येते. घरच्या वापरातल्या जनावराचा मालक ते सोसतो. पण ज्याचा बैल पटात पळणार आहे, ज्याची म्हैस दुधाच्या स्पर्धेत बांधायची आहे, तो हात जोडून म्हणतो, "डॉक्टर, आता नका टोचू. ढोर मलूल पडते. प्रदर्शन झाल्यावर टोचा ना, मी कुठी पळून चाललो काय?" प्रदर्शन झालं की पट असतो, पट झाला की यात्रा. अशानं सगळ्यात जास्त फिरणारं, सगळ्यात जास्त गावांचं पाणी पिणारं जनावरच लसीवाचून राहतं. बिल्ल्याचंही तेच. कान टोचला की रूप जातं, परीक्षक गुण कापतील, अशी भीती. बिल्ला काढून ठेवलेला आणि कानाला भोक उरलेलं असं जनावर मी कितीदा फाटकावर पाहिलं. या मालकांना मी आडमुठे म्हणणार नाही. त्यांना प्रदर्शनानंच हे शिकवलं आहे. जे गुणपत्रिकेत नाही त्याची काळजी माणूस कशाला घेईल?

म्हणून माझी पहिली मागणी परीक्षकांकडे आहे. शिंगं, वशिंड, चाल, कास, दूध, या सगळ्यांना गुण आहेत. मग शंभरातले वीस गुण जनावराच्या आरोग्याच्या नोंदीला द्या. बिल्ला कानात आहे, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पीच्या लसी वेळेवर आहेत, कालवडीला चौथ्या ते आठव्या महिन्यात ब्रुसेलाची लस टोचली आहे, शेळी-बोकडाला पीपीआरची टोचली आहे. दुधाळ गाई-म्हशींच्या गटात येणाऱ्या प्रत्येकीची ब्रुसेलाची रक्ततपासणी अटीतच घाला, गुणांवर सोडू नका. २०२४ मध्ये अमेरिकेत दुधाळ गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, तेव्हा विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांनी जत्रेत येणाऱ्या प्रत्येक दुधाळ गाईची आदल्या सात दिवसांतली तपासणी मागितली होती. आपल्याकडे घोड्यांच्या बाबतीत ही समज रुजली आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा नेणारा माणूस ग्लँडर्सच्या तपासणीचं नाव जाणतो, कारण त्या रोगात सापडलेला घोडा मारावाच लागतो. गाई-बैलांच्या बाबतीत तेवढी जाण अजून यायची आहे.

आपल्या भागातल्या पूर्णाथडी म्हशीसाठी तर हे फार निकडीचं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली ही भुरकट, फिकट रंगाची म्हैस, अकोला-अमरावती-बुलढाण्याचीच. उन्हाळ्यात कडब्यावर राहून दूध देते. तिची जात म्हणून आता नोंद झाली आहे आणि प्रदर्शनात तिला वेगळा गट मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण एखाद्या जातीची निवडक जनावरं एका मैदानात एकत्र आणायची आणि ती तपासलेली नसायची, यात केवढा धोका आहे! वळू त्यातलेच, पुढची पिढी त्यांच्याचपासून होणार.

दुसरी गोष्ट परत येणाऱ्या जनावराची. तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. बक्षीस जिंकून बैल घरी येतो, गुलाल लावलेला, आणि सरळ आपल्या जुन्या खुंट्यावर, गाईच्या आणि वासरांच्या शेजारी बांधला जातो. गावातले लोक त्याला बघायला येतात आणि आपापल्या गोठ्यात परत जातात. खरं तर त्याला तीन आठवडे वेगळं बांधायला हवं. वेगळी बादली, वेगळी वैरण, त्याचं काम शेवटी करायचं आणि हात धुवायचे. जागा नसेल तर शेतातल्या मांडवात बांधा. लाळ्या-खुरकूतनं मोठं जनावर सहसा मरत नाही, पण दूध पिणारी वासरं हृदय बंद पडून उभ्या उभ्या जातात.

फिरलेलं जनावर काय करू शकतं, हे इंग्लंडनं २००१ मध्ये पाहिलं. फेब्रुवारीत लाळ्या-खुरकूत ओळखला जाण्याआधीच मेंढ्या हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून देशभर पोचल्या होत्या. मेंढीत या रोगाची लक्षणं जेमतेम दिसतात, त्यामुळे बाजारात कुणाला संशय आला नाही. साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. त्यानंतर तिथे नियम झाला की बाहेरून गाय-मेंढी शेतावर आणली की त्या शेतावरची जनावरं सहा दिवस दुसरीकडे हलवायची नाहीत. प्रदर्शनाला जाणाऱ्यांसाठी वेगळ्या बंदिस्त जागेची सोय ठेवावी लागते. ज्यांच्याकडे एवढे डॉक्टर आणि एवढा पैसा, ते हे सोसून शिकले. आपल्याकडे लाळ्या-खुरकूतच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. लस फुकट आहे, डॉक्टरांच्या फिरत्या गाडीसाठी १९६२ हा नंबर आहे. मग वेळापत्रक जुळवणं तरी आपल्या हातात आहे ना?

पोळ्याचंही बोललं पाहिजे, कारण वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तीच आणि तिला प्रदर्शन कुणी म्हणत नाही. श्रावणाच्या अमावास्येला गावची सगळी बैलं तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभी राहतात. पावसाळा, चिखल, गोमाश्या आणि डास ऐन भरात, म्हणजे लम्पी पसरायला हवं ते सगळं हजर. २०२२ मध्ये कितीतरी गावांनी बैल घरीच पुजले. पोळा बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या बापानं वर्षभर राबवलेल्या बैलाचे पाय त्या दिवशी धुतलेले मी पाहिले आहेत. पण पोळ्याच्या निदान महिनाभर आधी गावचं लम्पीचं लसीकरण संपलेलं असावं, गोठ्यात गोचीड-माश्यांची फवारणी झालेली असावी आणि बाहेरगावचे बैल तोरणाखाली घेऊ नयेत, एवढं ग्रामसभेनं ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता खर्चाचं. लहान शेतकरी म्हणेल, या अटी घातल्या तर प्रदर्शनं मोठ्या लोकांचीच होतील. भीती खरी आहे. रक्ततपासणी, डॉक्टरांच्या फेऱ्या, गाडी, हे एका जोडीवाल्याला परवडणारं नाही. म्हणून हा भार आयोजकांवर हवा. बक्षिसाला लाखो रुपये जमवणाऱ्या समितीनं त्यातला काही भाग तपासणीला काढावा. प्रदर्शनाची तारीख दीड महिना आधी जाहीर करावी, त्याच वेळी आसपासच्या गावांत लसीकरणाचे दिवस ठरवून घ्यावेत आणि नोंदणीची शेवटची तारीख अठ्ठावीस दिवस आधीची ठेवावी. मैदानात गावागावाप्रमाणे जनावरं लांब लांब बांधावीत, पाण्याचा एकच हौद ठेवू नये, आजारी जनावरासाठी वाऱ्याच्या खालच्या अंगाला वेगळी जागा आखावी. डॉक्टर मिळत नसतील तर तारीख पुढे ढकलावी.

आणि फाटकावरून ज्याचं जनावर परत पाठवलं, त्याला जाण्या-येण्याचं गाडीभाडं समितीनं रोख द्यावं. रात्रभर प्रवास करून, शिंगं रंगवून, पदरचे चार हजार घालून आलेल्या माणसाला रिकामं परत पाठवलं की पुढच्या वेळी तो येण्याआधी तापाची गोळी चारून आणतो. भाडं हातात मिळालं तर तो सकाळीच येऊन सांगेल, "डॉक्टर, रात्रीपासून खात नाही, बघा बरं जरा."