जाळं कोणाच्या हाती द्यायचं?

पवनार म्हटलं की लोकांना विनोबा आठवतात, धाम नदीकाठचा परमधाम आश्रम आठवतो, १९५९ साली बायकांसाठी उभं राहिलेलं ब्रह्मविद्या मंदिर आठवतं. अशा गावात राहणारी बाई आज मासोळीवर लिहायला बसली म्हणून काही मैत्रिणींच्या भुवया उंचावतील. आमच्या घरीही श्रावण कडक पाळला जातो. पण मैत्रिणींनो, कोणी काय खावं हा आजचा विषयच नाही. ज्यांची चूल पाण्याच्या भरवशावर पेटते, त्या घरांतल्या तरुण पोरांचा हा विषय आहे. आणि ही घरं काही दूर समुद्राकाठी नाहीत, आपल्या शेजारीच आहेत.

बचत गटाच्या कामानिमित्त मी आमच्या भागातल्या ढिवर, भोई वस्त्यांमध्ये जात असते. नवरा पहाटे जाळं घेऊन जातो, बायको टोपलं डोक्यावर घेऊन बाजार गाठते, हा इथला पिढ्यान् पिढ्यांचा संसार. अशीच एक मावशी परवा हिशेबाची वही मिटता मिटता म्हणाली, "बाई, पोरगा म्हणते, मले जाळं नाही पाहिजे. कंपनीत बारा तास उभा राहीन, पण पाण्यात नाही उतरत." मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "मासोळ्याच नाही राहिल्या, तं उतरून करन काय?"

या एका वाक्यात सगळं आलं. आपण मात्र सोपं उत्तर देऊन मोकळ्या होतो, की आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, मोबाइल पाहिजे. पण बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली बारा तास उभं राहणं हे कष्ट नाहीत तर काय? पोरं कष्टाला भीत नाहीत. उद्या काय मिळेल याचा नेम नसलेल्या कष्टाला भितात.

ही गोष्ट विदर्भापुरतीही नाही. रत्नागिरीच्या बंदरात मोठ्या मच्छीमार नौकांवर कित्येक वर्षांपासून नेपाळहून आलेले खलाशी काम करतात. पालघर, डहाणू, तलासरीकडची आदिवासी मुलं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि चुकून सरहद्द ओलांडली गेली तर पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढतात. म्हणजे गंमत बघा, ज्यांच्या बापजाद्यांचा धंदा ती मुलं शहराकडे, आणि दुसऱ्यांची मुलं पोटासाठी त्या बोटीवर. समुद्राचा धनी कोण आणि राबणारा कोण, याची पार उलटापालट झाली आहे.

आता मावशीच्या त्या वाक्याकडे वळू. मासोळ्या गेल्या कुठे?

आपल्या पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात, ६ हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी ते बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले, म्हणून माजी मालगुजारी तलाव. लोक प्रेमाने 'मामा तलाव' म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या ताब्यात आले. जुलूम गेला ते चांगलंच झालं. पण त्यासोबत गावानं मिळून गाळ काढायची, पाळ बांधायची रीतही गेली. सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, अशी गत झाली. तलाव गाळाने भरले, बेशरमीच्या झाडांनी काठ व्यापले.

दुसरीकडे उत्पादन वाढावं म्हणून कटला, रोहू, मृगळ हे मासे तलावात सोडले गेले. हे मुळात वाहत्या नदीत अंडी देणारे. साचल्या पाण्यात ते झपाट्याने वाढतात, पण तिथे त्यांची वीण होत नाही. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात या माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचा प्रयोग यशस्वी केला, तेव्हापासून मत्स्यबीज हवं तेवढं तयार करता येऊ लागलं. देशाला त्याचा मोठा फायदा झाला, यात शंका नाही. १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस त्याचीच आठवण आहे. पण गावच्या सोसायटीच्या बाजूने हिशेब मांडा. दरवर्षी बोटुकली विकत आणायची, कर्ज काढायचं, पाऊस दगा देऊन तलाव लवकर आटला की सगळं पाण्यात. आणि हाती आलेला मासा बाजारात नेला, तर तिथे आंध्रातून बर्फात घालून आलेले ट्रकच्या ट्रक आधीच उभे. भाव पाडूनच विकावं लागतं.

मरळ, शिंगी, मागूर, झिंगे, बारीक मासोळी ही आपली गावरान मंडळी मात्र तलावातल्या तलावात वाढणारी. त्यांना बीज विकत आणावं लागत नाही. त्यांना लागतात पाण्याखालच्या वनस्पती, लपायला जागा, अंडी द्यायला उथळ काठ. तेच आपण घालवलं. बारीक मासोळी काट्यासकट खाल्ली जाते, त्यातून गरिबाच्या लेकराला कॅल्शियम आणि प्रथिनं मिळतात. ती गेली म्हणजे कमाईसोबत घरातलं सकस अन्नही गेलं.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो बायकांनी करून दाखवला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि मनीष राजनकर यांच्यासारखे कार्यकर्ते ढिवर समाजासोबत अनेक वर्षं काम करत आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ढिवरांच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं. त्या ज्ञानाला अभ्यासाची जोड दिली गेली. उन्हाळ्यात तलाव आटला की बायकांनी बेशरम उपटून काढली, तळ नांगरला, भाताची रोवणी करावी तशी पाणवनस्पतींची रोवणी केली. हळूहळू गावरान मासे परत आले, पक्षी आले. ज्या बायकांना सोसायटीच्या बैठकीत कोणी बोलावत नव्हतं, त्या आता तलावाचं नियोजन करू लागल्या.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी सुधारलं, मग मासा आला, मग धंद्यात जीव आला. आपण उलट करतो. आधी पोरांना उपदेश करतो की बापाचा धंदा सांभाळ. अरे, पण सांभाळायला काही उरलं तर पाहिजे!

कोणी म्हणेल, सरकारी योजना काय कमी आहेत? खरं आहे, कमी नाहीत. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची आखणी २० हजार ५० कोटी रुपयांची होती. त्यात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान ठेवलं गेलं. अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाखांचा विमाही त्यात होता. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. म्हणजे विजेचे दर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलतींचा रस्ता उघडला.

पण योजना घ्यायची तर कागद लागतो. सोसायटीचं सभासदत्व लागतं, आणि ते बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. जी बाई टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरते, हिशेब ठेवते, उधारी वसूल करते, ती कागदावर कुठेच नाही. नवरा गेला की तिचं पाण्याशी नातंच तुटतं. तरुण पोराचंही तेच. जुनी मंडळी जागा सोडत नाहीत, त्याला सभासद करून घेत नाहीत, आणि वर म्हणतात पोरं येत नाहीत. घरात पाटच मांडला नाही, तर पाहुणा बसेल कुठे?

शिक्षणाचंही तसंच. १९३७ साली आपल्या वर्ध्यातच गांधीजींनी नई तालीमचा विचार देशापुढे ठेवला. हाताच्या कामातून शिक्षण, हे त्याचं सार. पण आज ढिवराच्या मुलाला शाळेत कुठे सांगितलं जातं, की तुझ्या आजोबांना पाण्याचा रंग पाहून जे कळतं ते विज्ञानच आहे? नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथून पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण आणि तलावाकाठचा म्हातारा ढिवर एकमेकांशी बोलले, तर केवढं काम होईल! बोटुकली तयार करणं, पाण्याची तपासणी, बर्फपेटी, माशाचं लोणचं, शहरात थेट विक्री, यात शिकलेल्या पोरापोरींना जागा आहे. जाळं टाकणं हे त्यातलं फक्त एक काम.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते. ढिवराच्या पोराने ढिवरच व्हावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. जातीने कामाला बांधून ठेवण्याचे दिवस संपलेच पाहिजेत. त्या वस्तीतली मुलगी नर्स झाली, मुलगा तलाठी झाला, तर पेढे मीसुद्धा मागीन. पण नाइलाजाने सोडणं वेगळं आणि निवडून सोडणं वेगळं. ज्याला पाण्यातच राहायचं आहे त्याला पोटभर मिळालं पाहिजे आणि मान मिळाला पाहिजे. तसं झालं तर दुसऱ्या समाजाचा तरुणही या कामाकडे वळेल.

आणि मानाची गोष्ट निघाली की ती आपल्या, बायकांच्या अंगणात येते. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोण विचारतं? "मुलगा काय करतो?" मासे धरतो म्हटलं की चहा संपवून पाहुणे उठतात. कंपनीतला ठेक्याचा कामगार चालतो, पण स्वतःच्या तलावाचा मालक चालत नाही. वास येतो म्हणून वर्गातली मुलं नाक मुरडतात, ते घरातूनच शिकलेलं असतं. या घरांतल्या तरुणांना धंद्यापासून तोडण्यात या नाक मुरडण्याचा वाटा मोठा आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या हाती काय आहे ते पाहू. टोपलंवालीशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करताना, मॉलमध्ये आपण मुकाट्याने पैसे देतो हे आठवू. गावच्या मच्छीमार सोसायटीत बायकांना आणि तरुणांना सभासद करा, हा विषय ग्रामसभेत मांडू. मूर्ती, निर्माल्य, प्लास्टिक नदीत टाकणाऱ्या हाताला घरातच थांबवू. धाम नदीत १९४८ च्या १२ फेब्रुवारीला गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं. तिला आपण पवित्र म्हणतो, मग तिच्यात मासा तरी जगू द्या. जिथे मासा जगत नाही, ते पाणी कितीही पवित्र म्हटलं तरी आजारीच.

मावशीचा पोरगा अजून गावातच आहे. कंपनीच्या बोलावण्याची वाट बघतोय. तलावात मासोळी आणि सोसायटीच्या यादीत त्याचं नाव, एवढं त्या बोलावण्याच्या आधी झालं, तर त्याच्यापुढे दोन रस्ते असतील. आज एकच आहे.