चौदा ओळी आणि मोकळं रान

यंदा आमच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कवितांत मुक्तछंदाचा सुकाळ, चौदा ओळींची सुनीतं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. सोबतच्या पत्रांत जुनंच भांडण. वृत्तात अर्थ गुदमरतो, असं एकाचं म्हणणं. मुक्तछंद म्हणजे तोडलेलं गद्य, असं दुसऱ्याचं. जळगाव जिल्ह्यातल्या पहूरला बसून हे वाचताना गंमत वाटते, कारण या खटल्याचे बरेच साक्षीदार आमच्याच मुलखातले आहेत.

मराठीतलं पहिलं सुनीत केशवसुतांचं, १८९२ सालचं ‘मयूरासन आणि ताजमहाल’. जुन्याला आग लावायला निघालेल्या या कवीने चौदा ओळींची कडक चौकट आपणहून परक्या मुलखातून आणली. पुढे ते आमच्या फैजपूरच्या शाळेत शिक्षक होते. सुनीताचा जीव असतो वळणात. पेट्रार्कच्या पद्धतीत आठ ओळींत विचार उभा करायचा, उरलेल्या सहांत त्यालाच उलटून प्रश्न विचारायचा. शेक्सपिअर बहुधा तो हिशेब शेवटच्या दोन ओळींत मिटवतो. मराठीत शार्दूलविक्रीडित घेतलं तर दर ओळीला १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. भरतीचा एक शब्द पडला की लगेच उघडा पडतो. यंदाच्या बहुतेक सुनीतांत ओळी चौदा भरल्या, वळण आलंच नाही. ती परत पाठवली.

केशवसुत फैजपूरला होते त्याच काळात जळगावात कवयित्री बहिणाबाई संसार ओढत होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर यायची. त्यांना कुणी वृत्ताचं बंधन समजावून सांगितलं असतं तर बहुधा त्या हसल्या असत्या.

मुक्तछंद मराठीत रुजवला कवी अनिलांनी. ‘भग्नमूर्ती’ १९४० ची. पण त्याच अनिलांनी पुढे मोजून दहा ओळींची ‘दशपदी’ घडवली आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार तिलाच मिळाला. मोकळेपणाचा त्यांना कंटाळा आला होता, असं मला वाटत नाही. मुक्तछंदात ओळ कुठे थांबवायची हे कवीलाच दर वेळी ठरवावं लागतं, आणि ते काम वृत्त सांभाळण्याहून सोपं नाही. शेजारच्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी तर मुक्तछंद भरात असताना, १९६७ मध्ये, ‘रानातल्या कविता’ दिल्या. लोकगीताची लय घेऊन, कुणाची परवानगी न विचारता.

तेव्हा कवींना एक विनंती. पुढच्या वर्षी मुक्तछंद पाठवण्याआधी ओळी सलग गद्यासारख्या लिहून बघा. काहीच हरवलं नाही, तर तो मजकूर लेख म्हणून पाठवा. लेखांना आमच्याकडे जागा आहे.